सार्वजनिक सेवांसाठी जीआयएस आणि सॉफ्टवेअर फ्रेमवर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणीपुरवठा, आरोग्य, रस्ते, शाळा, आपत्ती निवारण अशा सेवांसाठी नकाशावर आधारलेली (जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली वापरणारी) सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांसाठी आणि त्यांवर संशोधन करणाऱ्यांसाठी हे पान आहे. जिथं लोक जास्त अडतात तिथं जास्त लिहिलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आवरलं आहे.

सॉफ्टवेअर तर तयार मिळतं. मग यात संशोधन करण्यासारखं उरलं काय?

नवं आरोग्य केंद्र कुठं उभारलं तर जास्त लोकांच्या उपयोगी पडेल? कुठल्या भागातल्या तक्रारी आपल्यापर्यंत पोचतच नाहीत? दोन खात्यांच्या नोंदींतली इमारत एकच आहे हे यंत्रानं कसं ओळखावं? नकाशा हाती आल्यावर अधिकाऱ्याचा निर्णय खरंच बदलतो का? यांतलं काहीही तयार मिळत नाही.

विद्यार्थी विषय घेऊन येतात तेव्हा मी एवढंच विचारतो, की हे काम पुरं झाल्यावर कुणाचा कोणता निर्णय वेगळा होईल? याचं उत्तर एका वाक्यात येत नसेल तर तंत्रज्ञान कितीही नवं असो, हाती देखणा नकाशा तेवढा राहतो.

या क्षेत्राची सुरुवात कुठून धरायची?

बहुतेक जण लंडनपासून धरतात. १८५४ साली तिथं कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं. वर्गावर्गांतून सांगितली जाणारी ही गोष्ट बहुधा अर्धीच सांगतात. पंपाचा दांडा काढला तोवर लोक भाग सोडून गेले होते आणि साथ ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नोंदवलं आहे. नकाशा छापला गेला तोही साथ सरल्यावर. त्यांचं खरं कौशल्य दिसतं ते अपवादांचा माग काढण्यात. पंपाशेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार कसे वाचले? दूर हॅम्पस्टेडला राहणारी बाई कशी दगावली? कामगार पंपाचं पाणी पीत नव्हते. त्या बाईला त्याच पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते मुद्दाम मागवत असे. नुसत्या ठिपक्यांकडे पाहून यातलं काही कळलं नसतं.

संगणकावरचं जीआयएस १९६० च्या दशकातलं. कॅनडातल्या जमिनीची देशव्यापी नोंद करण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकारानं पहिली मोठी प्रणाली उभी राहिली. ग्रास या जीआयएस सॉफ्टवेअरचं काम १९८२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बांधकामविषयक प्रयोगशाळेत सुरू झालं. म्हणजे सरकारी गरज या क्षेत्राला पुढं चिकटवलेली नाही, ते त्या गरजेतूनच निघालं आहे.

फ्रेमवर्क, लायब्ररी आणि प्लॅटफॉर्म यांत फरक काय?

लायब्ररीला तुमचा कोड हाक मारतो. फ्रेमवर्क तुमच्या कोडला हाक मारतं, म्हणजे कामाचा क्रम ते ठरवतं आणि रिकाम्या जागा तुम्ही भरता. प्लॅटफॉर्म म्हणजे चालू स्थितीतली आख्खी यंत्रणा. जँगो या वेब फ्रेमवर्कमधला जिओजँगो हा नकाशांसाठीचा भाग फ्रेमवर्कचं चांगलं उदाहरण आहे, तर ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकारानं वाढलेलं आरोग्य क्षेत्रातल्या नोंदींसाठीचं डीएचआयएस२ प्लॅटफॉर्मकडे झुकतं.

सुरुवातीला कोणती साधनं घ्यावीत?

साठवणीला पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यावर त्याला नकाशाची भाषा शिकवणारं पोस्टजीआयएस. नकाशा सेवा पुरवायला जिओसर्व्हर किंवा मॅपसर्व्हर. डेस्कटॉपवरच्या कामाला क्यूजीआयएस. ब्राउझरमध्ये लीफलेट, ओपनलेयर्स किंवा मॅपलिब्रे. यात नवलाईचं काही नाही आणि तेच मला हवं असतं. सार्वजनिक सेवेचं सॉफ्टवेअर ते लिहिणारा निघून गेल्यावरही चालवावं लागतं, तेव्हा पुढच्या माणसाला त्यातलं आधीच थोडंफार येत असणं फार मोलाचं.

पोस्टजीआयएस २००१ पासून आहे. लाखो आकारांतून ‘हा बिंदू कोणाच्या हद्दीत येतो’ हे त्याला चटकन सांगता येतं ते आर-ट्री धर्तीच्या इंडेक्समुळे (जवळजवळचे आकार चौकटींत गटागटानं मांडणारी सूची). ही रचना अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडली. चौकशी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कूर्मगतीनं चालत असेल तर सर्व्हर वाढवण्याआधी भौगोलिक इंडेक्स बनवला आहे का ते पाहा. बऱ्याचदा तो बनवलेलाच नसतो.

परवान्याकडेही लक्ष असू द्या. डिसेंबर २०२० मध्ये ब्राउझरमध्ये नकाशे दाखवणाऱ्या मॅपबॉक्स जीएल जेएस या लायब्ररीची दुसरी आवृत्ती ओपन सोर्स राहिली नाही. तेव्हा आधीच्या आवृत्तीवरून लोकांनी मॅपलिब्रे उभं केलं. जुना परवाना मोकळा होता म्हणूनच ते शक्य झालं.

शेपफाइल अजून वापरावी का?

नकाशाची माहिती साठवण्याचा हा जुना फाइल प्रकार देवाणघेवाणीपुरता, समोरच्याला दुसरं काही उघडताच येत नसेल तर. एका थरासाठी (रस्ते, शाळा अशा एका प्रकारच्या माहितीसाठी) तीन-चार फायली सांभाळा, प्रत्येक फाइल सर्वसाधारणपणे २ जीबीच्या आत ठेवा, आणि स्तंभाचं नाव १० बाइटांत बसवा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे मराठी स्तंभनाव तिसऱ्या चिन्हाशीच तुटतं. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. जिओपॅकेज ही एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर बांधलेली एकच फाइल असते आणि तिला यातली एकही अडचण नाही.

माझे बिंदू भलत्याच जागी, कधीकधी थेट समुद्रात पडतात. का?

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली असणार. जिओजेसन या नकाशा-माहितीच्या फाइल प्रकाराच्या २०१६ सालच्या मानकात आधी रेखांश, मग अक्षांश. ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या संदर्भप्रणालीच्या व्याख्येत नेमकं उलट, आणि डब्ल्यूएमएस १.३.० हे नकाशा सेवेचं मानक ही व्याख्या काटेकोर पाळतं. बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडत असतील, तर दोन्ही मूल्यं शून्य आहेत. कोणीतरी रिकामी नोंद शून्य म्हणून साठवली आहे. त्या जागेला जीआयएसवाले गमतीनं ‘नल आयलंड’ म्हणतात. माहिती आत घेतानाच सेवाक्षेत्राच्या चौकटीबाहेरचे बिंदू अडवले तर दोन्ही चुका दारातच पकडल्या जातात.

दशांश स्थळांचंही तसंच. पाचव्या स्थळापाशी आपण विषुववृत्तावर साधारण १.१ मीटरपर्यंत पोचतो. मोबाइलच्या जीपीएसची चूक यापेक्षा सहज मोठी असते, तेव्हा पंधरा स्थळं साठवून अचूकता वाढत नाही, तिचा आभास वाढतो.

‘सेवा किती जवळ आहे’ हे केंद्राभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढून मोजलं तर चालेल का?

पहिल्या कच्च्या अंदाजाला चालेल, निर्णयाला नाही.

पहिली अडचण गणिताची. वेबवरचे बहुतेक नकाशे ज्या वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट पानावर मांडायच्या रीतीत) दिसतात, त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं फुगत जातं. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होतं. तिथं या प्रक्षेपणात काढलेलं ५ किलोमीटरचं वर्तुळ जमिनीवर अडीच किलोमीटरचंच भरतं. त्यामुळे मोजमाप करायचं ते त्या प्रदेशाला साजेशा प्रक्षेपणात, नाहीतर गोलाकारावरचं अंतर थेट काढून.

दुसरी अडचण वाटेची. मध्ये नदी असेल आणि पूल लांब असेल तर समोर दिसणारं केंद्र तासाभरावर असतं. म्हणून रस्त्यांच्या जाळ्यावरून प्रवासाचा वेळ काढतात. इथंही एक खोच आहे: वेळ कोणाचा? गाडीचा, पायी चालणाऱ्याचा की दिवसातून दोनदा येणाऱ्या बसचा? सेवेची सर्वांत जास्त गरज असलेल्यांकडे बहुधा गाडी नसते, आणि तरी निबंधांमागून निबंध गाडीचाच वेळ मोजत असतात.

तिसरी अडचण गर्दीची. दोन डॉक्टर असलेलं केंद्र दहा हजार माणसांना जवळ असो की लाखभर माणसांना, वर्तुळ तेवढंच निघतं. वेई लुओ आणि फाहुई वांग यांनी २००३ मध्ये मांडलेली द्विटप्पी पद्धत यावरचा सोपा उपाय आहे. आधी प्रत्येक केंद्राच्या आवाक्यात किती माणसं येतात ते पाहून दरडोई क्षमता काढायची, मग प्रत्येक वस्तीला पोचता येणाऱ्या सगळ्या केंद्रांच्या त्या क्षमतांची बेरीज करायची. पुढं हिच्या कितीतरी सुधारित आवृत्त्या निघाल्या. मूळ पद्धत मात्र पोस्टजीआयएसमध्ये दोन चौकश्यांत बसते.

नवी जागा निवडायचा प्रश्न याहून अवघड, कारण तो निम्मा गणिताचा नसतोच. हाकिमी यांच्या १९६४ च्या मांडणीतून आलेलं पी-मीडियन मॉडेल सगळ्यांचा मिळून प्रवास कमीत कमी व्हावा असं पाहतं. चर्च आणि रेव्हेल यांचं १९७४ चं मॉडेल ठरावीक अंतराच्या आत जास्तीत जास्त लोक यावेत असं पाहतं. पहिल्यात दाट वस्तीचं वजन पडतं आणि विखुरलेली गावं मागं राहतात. दुसऱ्यात ठरवलेल्या सीमेच्या जरा पलीकडचा माणूस आणि खूप पलीकडचा माणूस सारखेच, दोघेही हिशेबाबाहेर. सर्वांत दूरच्या माणसाचं अंतर कमी करायचं ठरवलं तर उत्तर तिसरंच येतं. यांतलं काय न्याय्य हे सॉफ्टवेअरनं ठरवू नये. तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडा आणि निवड ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना ती उघडपणे करू द्या. मॉडेलच्या निवडीत धोरण लपवणं हा या क्षेत्रातला, माझ्या मते, सर्वांत मोठा अप्रामाणिकपणा आहे. तो बहुधा नकळत होतो, एवढंच.

विभागवार रंगवलेल्या नकाशावर किती भरवसा ठेवावा?

हद्दी बदलल्या की चित्र बदलतं, हे ध्यानात ठेवून बेतानंच. तीच घरं, तेच रुग्ण. पण विभाग वेगळे पाडले किंवा लहानमोठे केले तर टक्केवाऱ्या बदलतात आणि दोन गोष्टींमधला संबंधही कमीजास्त दिसू लागतो. भूगोलतज्ज्ञ स्टॅन ओपनशॉ यांनी यावर बरंच लिहून ठेवलं आहे. निदान दोन वेगळ्या विभागणींवर विश्लेषण करून निष्कर्ष टिकतो का ते पाहा.

शिवाय संख्या रंगवू नका, दर रंगवा. लोकसंख्या अगदी कमी असलेल्या विभागांत दरही वेडेवाकडे उड्या मारतात: पन्नास माणसांच्या वस्तीत एक रुग्ण वाढला की ती नकाशावर लालभडक होते.

तक्रारींचा नकाशा म्हणजे समस्यांचाच नकाशा नाही का?

नाही. तो तक्रार करणाऱ्यांचा नकाशा आहे. खड्डे, दिवे, कचरा यांच्या तक्रारी नकाशावर नोंदवण्याची सोय ब्रिटनमधल्या मायसोसायटी या संस्थेनं २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीटमधून दिली. नंतर अशा तक्रारींसाठी ओपन३११ सारखी मानकंही आली. सोय उत्तमच आहे. पण ज्यांना वेळ आहे, भाषा येते आणि तक्रार केल्यावर कोणी येईल असा विश्वास आहे, त्यांच्याच तक्रारी जास्त येतात. ज्या वस्तीत कोणी कधी आलंच नाही ती वस्ती नकाशावर स्वच्छ दिसते.

बॉस्टन शहराच्या स्ट्रीट बंप या अ‍ॅपची गोष्ट इथं उपयोगी आहे. गाडीत ठेवलेला फोन हादऱ्यांवरून खड्डे आपोआप नोंदवायचा. फोन आणि गाडी असलेल्या वस्त्यांचेच रस्ते त्यात जास्त दिसणार हे ओघानं आलं. तिथल्या लोकांनी हा धोका ओळखून अ‍ॅप आधी पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या गाड्यांत वापरलं, कारण त्या सगळीकडे फिरतात. तुमच्या संशोधनात पाहणीचा एखादा नमुना तक्रारींवर न विसंबता, स्वतंत्रपणे, घेतलेला असू द्या. तो छोटा असला तरी तक्रारींच्या ढिगापेक्षा जास्त सांगून जातो.

उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात ना?

हो. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचा संग्रह २००८ पासून मोफत आहे, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमाही मोफत मिळतात. पहिल्याची बारकाई मुख्यतः ३० मीटर, दुसऱ्याची उत्तम १०. वस्ती कुठवर पसरली, पूर कुठं आला, हिरवळ किती घटली हे त्यांतून कळतं. घरं मोजता येत नाहीत.

ओपनस्ट्रीटमॅपवर सार्वजनिक सेवा उभारावी का?

पाया म्हणून जरूर, अधिकृत नोंद म्हणून जपून. २००४ मध्ये सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या या खुल्या नकाशाच्या प्रकल्पाची ताकद जगाला दिसली ती २०१० च्या हैती भूकंपानंतर. दूरदूरच्या स्वयंसेवकांनी उपग्रह प्रतिमांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते झपाट्यानं रेखाटले आणि मदत पथकांनी तेच नकाशे वापरले. पण भर सगळीकडे सारखी नाही. एका शहरात झाडंसुद्धा असतील, शेजारच्या तालुक्यात मुख्य रस्ता सोडून काहीच नसेल. म्हणून तुमच्या क्षेत्रापुरती पूर्णता आधी तपासा.

आमचं मॉडेल चाचणीत ९० टक्क्यांहून जास्त अचूक निघालं, प्रत्यक्षात मात्र आपटलं. असं का?

प्रशिक्षणाचे (ज्यांवरून मॉडेल शिकतं ते) आणि चाचणीचे बिंदू सरमिसळ निवडले असणार. जवळच्या गोष्टी दूरच्यांपेक्षा एकमेकींशी जास्त निगडित असतात, हे भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९७० मध्ये मांडलेलं सूत्र इथं उलटतं: चाचणीतल्या प्रत्येक बिंदूच्या शेजारी प्रशिक्षणातला एखादा बिंदू बसलेला असतो, आणि मॉडेल त्याची नक्कल करून पास होतं. आख्खे प्रदेशच्या प्रदेश चाचणीसाठी बाजूला काढा. आकडा खाली येईल, पण नव्या जिल्ह्यात मॉडेल कसं वागेल याचा तोच खरा अंदाज.

नावं काढून टाकली की माहिती खुली करता येते ना?

ठिकाण आणि वेळ दोन्ही असतील तर नाही. सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ठिकाण-वेळेच्या अवघ्या चार नोंदींवरून ९५ टक्के माणसं एकमेव ठरतात. २०१८ च्या सुरुवातीला स्ट्राव्हा या अ‍ॅपच्या व्यायाम-नकाशावरून लष्करी तळांच्या वाटा ओळखता आल्या. त्या नकाशात नावं नव्हतीच, सगळी माहिती एकत्र केलेली होती.

मोठे चौकोन किंवा षटकोन घेऊन संख्या द्या आणि फार छोट्या संख्या दडवा. बिंदू थोडा सरकवून द्यायचा असेल तर एकदाच सरकवून तो कायम ठेवा; दर वेळी नव्यानं सरकवलात तर सरासरी काढून मूळ घर पुन्हा सापडतं. आजार, हिंसाचार, मदतीचे लाभार्थी या विषयांत बिंदूंचा नकाशा प्रसिद्ध करूच नये असं माझं मत आहे.

दोन खात्यांची माहिती जुळत नाही. मानकं वापरली की सुटेल का?

निम्मी अडचण सुटेल. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमच्या मानकांमुळे एका यंत्रणेचा थर दुसरीत दिसतो. युरोपात २००७ च्या इन्स्पायर निर्देशानं ही देवाणघेवाण बंधनकारकच केली. उरलेली अडचण अर्थाची आहे. शिक्षण खात्यासाठी ‘शाळा’ म्हणजे मान्यता मिळालेली संस्था, बांधकाम खात्यासाठी इमारत, आपत्ती विभागासाठी निवारा. एकाच इमारतीत सकाळ-दुपारच्या दोन शाळा भरत असतील तर मोजणी जुळेल कशी? संस्था, इमारत आणि वापर यांना वेगवेगळे कायमस्वरूपी क्रमांक द्या आणि त्यांच्यातला संबंध वेगळ्या तक्त्यात ठेवा. हद्दींच्या नोंदींना ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन स्तंभ असायलाच हवेत. विभागांची फेररचना झाली की याचा उपयोग कळतो.

प्रायोगिक टप्पा छान पार पडला, वर्षा-दोन वर्षांत प्रणाली बंद पडली. असं वारंवार का होतं?

प्रायोगिक टप्प्यात माहिती संशोधक भरत असतात. ते गेले की ती कोण भरणार, हे ठरलेलं नसतं. विकसनशील देशांतल्या ई-शासन प्रकल्पांबद्दल रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये अंदाज मांडला होता: साधारण ३५ टक्के पूर्ण फसतात, ५० टक्के अंशतः फसतात, १५ टक्के यशस्वी होतात. कारण म्हणून ते आराखडा आणि वास्तव यांच्यातल्या दरीकडे लक्ष वेधतात.

ही दरी दिसते अगदी साध्या गोष्टींत. कर्मचाऱ्याला कागदी नोंदवही ठेवणं बंधनकारक असतं, वर अ‍ॅपही भरायचं. दोन्हींतून कशाला फाटा मिळेल हे उघड आहे. नेटवर्क नसलेल्या जागी फॉर्म अडकतो. जो माहिती भरतो त्याला तिच्यातून काहीच परत मिळत नाही, नकाशा दिसतो तो वरच्या कार्यालयात. जलवाहिनीवरची झडप बदलली तर नकाशावर ती बदलण्याचा अधिकार ती बदलणाऱ्या माणसाकडे नसतो.

उपायही असेच साधे आहेत. अ‍ॅपची नोंद अधिकृत धरली जाईल आणि नोंदवही थांबेल असा लेखी आदेश निघाल्याशिवाय पुढं जाऊ नका. ऑफलाइन काम पहिल्या दिवसापासून चालू द्या. जागेवरच्या माणसाला त्याच्या कामाची यादी नकाशावर मिळेल असं पाहा, म्हणजे अद्ययावत ठेवण्यात त्याचाच फायदा होतो. आणि प्रत्येक थराची ‘शेवटची दुरुस्ती’ ही तारीख नकाशावर ठळक दाखवा. शिळा थर ताज्याइतकाच आत्मविश्वासानं रंगतो, म्हणून ही तारीख हवी.

‘मी अ‍ॅप बनवलं’ एवढ्यावर प्रबंध उभा राहतो का?

राहत नाही. रचना-विज्ञान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, जिची मांडणी हेवनर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केली, वस्तू बांधणं हेही संशोधन आहे. पण तिचं कठोर मूल्यमापन झालं पाहिजे आणि तिच्यातून इतरांना वापरता येईल असं ज्ञान निघालं पाहिजे. ‘वापरकर्त्यांना आवडलं’ हे मूल्यमापन नव्हे. आधी आणि नंतर तक्रार मिटायला किती वेळ लागला, किती फेऱ्या वाचल्या, कोणत्या वस्त्यांपर्यंत सेवा नव्यानं पोचली हे मोजा. तुलनेला प्रणाली नसलेला एखादा विभाग मिळाला तर फारच उत्तम.

कोड आणि डेटा खुला करताना काय पाहावं?

कोडला परवाना जोडा. तो नसेल तर कोड दिसला तरी कायद्यानं कोणाला वापरता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेला डेटाबेस वाटणार असाल तर २०१२ पासून लागू असलेल्या ओडीबीएल परवान्यानुसार तोही त्याच अटींवर द्यावा लागतो, आणि श्रेय द्यावंच लागतं. सरकारी थर त्यात मिसळण्याआधी ते तसे देता येतात का हे त्या खात्याकडून लेखी घ्या. नसतील तर दोन्ही वेगळे ठेवा आणि वाचकाला ते जोडता येतील अशी स्क्रिप्ट द्या.